दम खाण्याची विद्या

१९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधलं खाशाबा जाधवांचं कांस्यपदक आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असतं. गोळेश्वरचा पैलवान, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक, कराडला निघालेली बैलगाड्यांची मिरवणूक, हे सगळं सांगून होतं; मधला अर्धा तास मात्र सांगायचा राहून जातो. जपानच्या शोहाची इशीबरोबरची खाशाबांची कुस्ती बरीच लांबली आणि ते हरले. पाठोपाठ त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद ममदबेयोवशी लढायला बोलावलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये किमान तीस मिनिटं विश्रांती मिळायला हवी, असा नियम होता. पण तो पंचांपुढे मांडायला त्या वेळी तिथे एकही भारतीय पदाधिकारी हजर नव्हता, असं सांगितलं जातं. दमलेले खाशाबा तसेच उतरले आणि हरले. इशीला सुवर्ण, ममदबेयोवला रौप्य, खाशाबांना कांस्य.

ती तीस मिनिटं मिळाली असती तर पदकाचा रंग बदलला असता का, याचा निकाल आता कोणी लावू शकत नाही. त्या वेळात शरीरात काय घडलं असतं, हे मात्र आज बऱ्यापैकी नेमकं सांगता येतं. दमछाक करणाऱ्या कुस्तीनंतर स्नायूंमधला तातडीचा ऊर्जासाठा, म्हणजे क्रिएटिन फॉस्फेट, पहिल्या चार-पाच मिनिटांत बराचसा भरून येतो. रक्तात साठलेलं लॅक्टेट ओसरायला अर्धा ते एक तास लागतो, आणि माणूस आडवा पडण्याऐवजी सावकाश चालत राहिला तर ते लवकर ओसरतं. नाडी, तापलेलं अंग, हाताच्या पकडीतली ताकद, प्रत्येकाची परतायची वेळ वेगळी. स्नायूंतलं ग्लायकोजेन तर पुरतं भरायला साधारण एक दिवस घेतं, तेही पोटात नीट जेवण गेलं तर. नियमात तीस मिनिटं लिहिली होती ती कुणाची मेहेरबानी म्हणून नव्हे.

आपल्या व्यायामाच्या गप्पांत जोर किती मारले, बैठका किती काढल्या, किती किलोमीटर पळालो, याचाच हिशेब चालतो. गामा पैलवान रोज तीन हजार जोर आणि पाच हजार बैठका काढायचा, असं म्हणतात. त्यानंतर तो किती झोपायचा, हे विचारणारा मला अजून भेटायचा आहे. हे पुस्तक त्या प्रश्नाच्या मागे लागून लिहिलं गेलं. श्वास, सराव आणि विसावा असे त्याचे तीन भाग आहेत. त्यातला तिसरा सगळ्यांत जाड झाला आहे, आणि तो कापायचा सल्ला मी मानलेला नाही.

विसाव्याचं हे ज्ञान परदेशी प्रयोगशाळेतूनच आलं, असं कुणी समजू नये. कोल्हापुरातल्या एखाद्या जुन्या तालमीत पहाटे जाऊन बसा. हौद्यातली लाल माती दोन पठ्ठे खोऱ्याने उकरत असतात; हळद, ताक, तेल, लिंबू मुरलेल्या त्या मातीचा वास दारापर्यंत येतो. मग जोडी लागते. वस्ताद हौद्याच्या कडेला बसलेला असतो आणि नवख्याला वाटतं, त्याची नजर डावावर आहे. ती पोराच्या पोटावर असते. पोट हलायचं थांबलं, खांदे वरखाली व्हायला लागले, तोंड उघडलं, की तो जोड सोडवतो. ‘आरं, दम खा जरा. खांद्यानं श्वास घेऊ नगंस.’ पोरगं मटकन बसायला जातं. वस्ताद बसू देत नाही. कमरेवर हात ठेवून हौद्याच्या कडेने फेऱ्या मारायला लावतो. लॅक्टेट हा शब्द त्याने आयुष्यात ऐकलेला नसेल, पण त्यावरचा उपाय त्याला पाठ असतो. मेहनत झाल्यावर अंगावर माती चोळून घाम जिरवणं, एकमेकांची मालिश, दुपारची सक्तीची झोप, हा सगळा विसाव्याचाच अभ्यासक्रम. वर्षाची आखणीसुद्धा त्यात आलीच: गावोगावच्या यात्रा-जत्रांची मैदानं हिवाळ्या-उन्हाळ्यात, आणि पावसाळ्यात मैदानं बंद, नुसती मेहनत आणि खुराक. आज क्रीडाविज्ञानाची पुस्तकं वर्षाचे टप्पे पाडायला सांगतात. शेती आणि पाऊस यांनी ते आपल्याकडे आधीच पाडून ठेवले होते.

वस्तादाला खांद्याचा श्वास का खटकतो, याचं गणित सोपं आहे. मोठा माणूस स्वस्थ बसलेला असताना एका श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा घेतो. त्यातली दीडशेच्या आसपास नाक, घसा, श्वासनलिका यांतच अडकून राहते. फुप्फुसांच्या ज्या पिशव्यांत रक्ताशी देवघेव होते तिथवर ती पोचत नाही. मिनिटाला १२ श्वास धरले तर एकूण हवा सहा लिटर, आणि कामाची चार लिटर दोनशे मिलिलिटर. आता तीच सहा लिटर हवा २४ उथळ श्वासांत घ्या, म्हणजे प्रत्येकी अडीचशे मिलिलिटर. दर वेळी दीडशे वाटेतच संपतात, आणि कामाची हवा उरते जेमतेम दोन लिटर चारशे. हवा तेवढीच, श्वासाच्या स्नायूंची धावपळ दुप्पट आणि मिळकत जवळजवळ निम्मी. दमल्यावर श्वास भराभर होणारच, त्याला कुणाचा इलाज नाही. तो किती खोल ठेवायचा, हे मात्र शिकता येतं.

श्वासाबद्दल आपल्याकडे जेवढी श्रद्धा आहे, तेवढीच भोंगळ माहितीही आहे. ‘खोल श्वास घ्या, शरीराला जास्त ऑक्सिजन मिळेल’ हे वाक्य योगवर्गापासून जिमपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. निरोगी माणसाच्या धमन्यांतलं हिमोग्लोबिन मुळातच ९५ टक्क्यांच्या वर ऑक्सिजनने भरलेलं असतं. भरलेल्या घागरीत आणखी किती ओतणार? श्वास घ्यावासा वाटण्यामागे मुख्य जोर असतो तो साठत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा. म्हणून भराभर श्वास घेऊन मग पाण्याखाली पोहत जाण्याची जी पैज पोरं विहिरीवर लावतात, ती जिवावर बेतू शकते: कार्बन डायऑक्साइड आधीच उडून गेलेला असतो, धोक्याची घंटा वाजतच नाही, आणि ऑक्सिजन संपून पोरगं पाण्यातच बेशुद्ध पडतं. हा इशारा आत वेगळ्या चौकटीत दिला आहेच, पण प्रस्तावनाच वाचून पुस्तक ठेवून देणारे पुष्कळ असतात, म्हणून इथेही.

हे सांगितलं की काही लोकांना प्राणायामाचा अपमान झाल्यासारखं वाटतं. त्यांनी लोणावळ्याकडे पाहावं. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे पुढचे स्वामी कुवलयानंद, हे बडोद्याच्या माणिकरावांच्या आखाड्यात घडलेले, व्यायाम अंगात मुरलेले गृहस्थ. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधामची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढलं. क्ष-किरण, रक्तदाबाची यंत्रं, दाब मोजायच्या नळ्या लावून त्यांनी योगक्रिया तपासल्या. नौली करताना आतड्यात जी पोकळी निर्माण होते तिचा दाब त्यांनी मोजला आणि तिला आपल्या गुरूंचं, माधवदासांचं नाव दिलं. प्राणायामाचं मोल ऑक्सिजनच्या मापात शोधू नये, ते मज्जासंस्थेला लागणाऱ्या वळणात आहे, असं हा योगी शंभर वर्षांपूर्वीच्या त्या काळात मांडत होता. त्याच्या नावाने आज पोतंभर ऑक्सिजन विकणाऱ्यांनी ते वाचलेलं दिसत नाही.

वळण कसलं, ते पुढे आणखी स्पष्ट झालं. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लुचानो बर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक छोटा अभ्यास आला. लॅटिनमधली जपमाळ म्हणताना आणि ‘ॐ मणि पद्मे हूं’ हा मंत्र म्हणताना, दोन्ही वेळा माणसांचा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येत होता, आणि रक्तदाब सावरणारी शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया त्या लयीत अधिक तल्लख होत होती. श्वास सोडताना नाडी थोडी मंदावते, घेताना थोडी वाढते; सोडणं लांबवलं की मंदावण्याला जास्त वाव मिळतो. व्यायाम संपल्यावर पाच-दहा मिनिटं पूरकाच्या दुप्पट रेचक ठेवून बसणं, एवढीच साधी शिफारस या पुस्तकात आहे. नाकपुड्या चिमटीत धरून लांबलचक कुंभक करायला मी कुणाला सांगितलेलं नाही. ते शिकायचं तर जाणत्या माणसासमोर बसून शिकावं.

दम रोखून धरण्याची एक जागा तालमीत आणि जिममध्ये सारखीच आढळते. जड वजन उचलताना किंवा मानेवर गडी घेताना आपण श्वास कोंडतो, पोट ताठ करतो, आणि पाठीचा कणा त्याने सुरक्षितही राहतो. पण १९८५ साली कॅनडात काही शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत थेट नळी घालून, पायांनी जड वजन ढकलताना मोजलं, तेव्हा वरचा रक्तदाब सरासरी ३०० च्याही पुढे गेलेला दिसला. पंचविशीतल्या नळ्या हे क्षणभर सोसतात. पन्नाशीत, त्यातही रक्तदाबाची गोळी चालू असताना, वजन हलकं घ्यावं आणि जोर लावताना तोंडाने श्वास सोडावा. जिममध्ये आरशापुढे ओरडणारे लोक या एका बाबतीत बरोबर वागतात, असं मला नाइलाजाने कबूल करावं लागतं.

सरावाच्या भागात वाचकाला सगळ्यांत जास्त खटकेल ते हे, की तिथे बहुतेक दिवस सोपे ठेवले आहेत. सोपे म्हणजे चालता-पळताना शेजाऱ्याशी अख्खी वाक्यं बोलता येतील इतके. साताऱ्याच्या घाटातली अर्धमॅरेथॉन असो की मुंबईची मॅरेथॉन, गेल्या वीसेक वर्षांत आपल्याकडे पळणाऱ्यांची मोठी फौज उभी राहिली, ही आनंदाचीच गोष्ट. पण यातले कितीतरी जण रोज सकाळी स्पर्धाच पळतात. मनगटावरचं घड्याळ लाल रंग दाखवेपर्यंत त्यांना व्यायाम झाल्यासारखं वाटत नाही, आणि काल मित्राने ॲपवर टाकलेला वेग आज मोडायचाच असतो. मग पोटरी, टाच, गुडघा असा क्रमाने एकेक भाग संप पुकारतो. हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत मेहनतीला जुळवून घेतात. स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या, म्हणजे स्नायुबंध, त्यांच्या मागून फार सावकाश येतात. उत्साह वाढलेला असतो तो पहिल्यांच्या जोरावर, आणि तुटतात त्या दुसऱ्या.

एड व्हिटलॉक हे कॅनडातले इंग्रज वंशाचे गृहस्थ मला या बाबतीत फार आवडतात. मिल्टन गावात घराजवळच्या दफनभूमीत ते तासन्‌तास, अगदी संथ पळत फेऱ्या मारायचे. ना प्रशिक्षक, ना घड्याळाचे रंग. २००४ साली वयाच्या ७३व्या वर्षी त्यांनी मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंदांत पुरी केली. २०१६ साली, ८५व्या वर्षी, चार तासांच्या आत. गुडघा दुखायला लागला की हा माणूस दीर्घ काळ पळणं बंद ठेवायचा आणि नंतर पुन्हा शून्यापासून, हळूहळू चढत जायचा. त्यांचे फेऱ्यांचे तास सगळे सांगतात. थांबण्याचे महिने सांगायची कुणाला आठवण होत नाही.

थांबणं म्हणजे लोळणं नव्हे, हे सांगण्यासाठी मला डॅलसचा आधार घ्यावा लागतो. १९६६ साली तिथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे सलग अंथरुणावर झोपवून ठेवलं. त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता दणकन खाली आली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना शोधून पुन्हा मोजलं, तेव्हा दिसलं की तीस वर्षांच्या वयवाढीने जेवढी क्षमता घटली होती, त्याहून जास्त ती त्या तीन आठवड्यांत घटली होती. सहा महिन्यांच्या हळूहळू वाढवत नेलेल्या व्यायामाने पन्नाशीतले हे गृहस्थ पुन्हा आपल्या विशीतल्या, अंथरुणाआधीच्या पातळीवर आले. मुद्दाम सांगतो, कारण ‘आता आमचं वय झालं’ हे वाक्य मी चाळिशीतल्या माणसांच्या तोंडूनही ऐकतो.

पैलवानांच्या बाबतीत हे वाक्य वेगळ्या तऱ्हेने घात करतं. तिशीत मैदान सुटतं, नोकरी लागते, घर होतं. जोर-बैठका एका झटक्यात बंद होतात आणि खुराक मात्र तोच राहतो: तूप, दूध, बदाम, मटण. ज्या शरीराला रोज चार तासांच्या मेहनतीचा खर्च होता, त्याच्याकडे खर्च उरलेला नसतो आणि जमा चालूच असते. दहा-पंधरा वर्षांनी साखर, रक्तदाब, गुडघे, छातीत कळ, असा मार्ग पुढे सरकतो. दोष खुराकाचा नाही. कुस्ती कशी करायची, हे शिकवायला वस्ताद असतो. कुस्ती कशी सोडायची, हे शिकवायला कोणी नसतो. या पुस्तकातली तीन प्रकरणं त्यासाठीच आहेत, आणि मैदान सोडलेल्या पैलवानाला मी पहिली विनंती करतो ती बैठका न सोडण्याची. पाचशे नव्हे, साठीत वीस पुरेत, गुडघा सांगेल तेवढं खाली जाऊन, खुर्चीच्या पाठीला धरूनसुद्धा. वय वाढतं तसे स्नायू झिजतात आणि सगळ्यांत महागात पडतात ते मांड्यांचे. संडासाच्या भांड्यावरून आधाराशिवाय उठता येणं, ही ऐंशीतली खरी महाराष्ट्र केसरी.

आता तालमीत मुलीही येतात. काही गावांत तर मुलींची मैदानं भरतात. त्यांच्या दमाबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. लवकर दम लागणारी मुलगी आळशी किंवा कच्ची असेलच असं नाही. अनेकदा तिचं हिमोग्लोबिन कमी असतं. अशा मुलीला आणखी फेऱ्या मारायला लावणं म्हणजे निव्वळ छळ आहे. आधी रक्त तपासावं, मग तिच्या सरावाचं बोलावं.

झोपेविषयी आत बरंच लिहिलं आहे, म्हणून इथे थोडंच. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघातल्या मुलांना काही आठवडे रात्री दहा तास अंथरुणात राहायला सांगितलं, तेव्हा त्यांचा पळण्याचा वेग सुधारला आणि फ्री थ्रोची अचूकता ९ टक्क्यांनी वाढली. २०११ साली ते प्रसिद्ध झालं. खेळाडू थोडे, प्रयोग छोटा, पण फुकटातली ही सुधारणा कुठल्या डब्यात मिळत नाही. आमच्याकडची पोरं रात्री एकपर्यंत मोबाइलवर कुस्तीचेच व्हिडिओ बघतात, पहाटे चारला उठतात आणि मग दमायला होतं म्हणून जिमवाल्याकडून पावडर घेतात. जुन्या वस्तादाने अशा पोराच्या पाठीत काठी घातली असती.

पुस्तकभर मी एक साधं माप वापरलं आहे. जोराचा व्यायाम थांबवला त्या क्षणी नाडी मोजा, आणि सावकाश चालत एका मिनिटाने पुन्हा. १९९९ साली क्लीव्हलँडच्या डॉक्टरांनी दोन हजारांहून जास्त लोकांचा माग काढला होता; ज्यांची नाडी पहिल्या मिनिटात १२ किंवा त्याहून कमी ठोक्यांनीच उतरली, त्यांच्यात पुढच्या वर्षांतले मृत्यू बरेच जास्त होते. एकदा मोजून घाबरायचं काही कारण नाही. ताप, जागरण, चहा, उन्हाळा, सगळ्याने आकडा हलतो. पण तोच माणूस, तोच रस्ता, तोच वेग ठेवून महिनाभर लिहिलं, की आपल्या शरीराची चाल कळायला लागते आणि ‘आज जोर लावू की नको’ हे घड्याळाला विचारावं लागत नाही.

आता पुस्तक वापरायचं कसं, ते सांगतो. चाळिशी ओलांडून बरीच वर्षं व्यायाम सुटलेल्यांनी, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल त्यांनी, पहिलं प्रकरण उघडण्याआधी डॉक्टरांना दाखवावं. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन आणि ईसीजी एवढं तरी करून घ्यावं. व्यायामात छातीवर दाब आला, कळ जबड्यात किंवा हातात गेली, चक्कर आली, तर त्या दिवशी दम खाऊन पुन्हा सुरू करायचं नाही. सरळ दवाखाना गाठायचा. बाकीच्यांनी तिसऱ्या भागापासून सुरुवात केली तरी चालेल, किंबहुना करावीच. पहिले दोन आठवडे व्यायामात काहीही बदल न करता फक्त झोपायची वेळ, उठायची वेळ आणि अंथरुणातच घेतलेली सकाळची नाडी लिहून काढा. त्यासाठी शेवटी आखलेली कोरी पानं आहेत. ती संपली की शाळेची दोनशे पानी वही घ्यावी.